तिथीची पाऊणपट

गेल्या चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून मी एका कागदावर सही केली. मांडीवर नेवऱ्यांचं ताट, बोटांना तूप, आणि चुलतभाऊ पेन पुढे धरून उभा. "ताई, इथे आणि इथे. बाकी सगळ्यांच्या झाल्या." कागद इंग्रजीत होता. वरच्या ओळीत 'ब्युटिफिकेशन' असं काहीतरी दिसलं. सुशोभीकरणाला कोण नको म्हणतं? मी दोन्ही ठिकाणी सही केली आणि नेवरी मोडली.

गोव्यात पोर्तुगिजांच्या वेळेपासूनच्या दिवाणी कायद्याने मुलींना बापाच्या मिळकतीत मुलांइतकाच वाटा असतो. लग्न होऊन तीस वर्षं झाली, म्हापशात संसार झाला, तरी गावच्या जमिनीच्या वन-फोर्टीनवर, म्हणजे हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, माझं नाव आहेच. या वाट्याचा मला आजवर झालेला उपयोग एवढाच, की दर चवथीला कुणीतरी सहीसाठी पेन पुढे करतं.

जानेवारीत ग्रामसभा झाली तेव्हा कळलं की मी खाडीचं तोंड बुजवायला ना-हरकत दिली आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. वाद अजून मिटलेला नाही आणि मला दर चवथीला तिथे जायचं असतं. शापोरा आणि तेरेखोल या दोन नद्यांच्या मध्ये पेडण्याचा जो किनारा आहे, मोरजी, मांद्रे, हरमल, केरी, त्यातच कुठेतरी. डोंगरातून एक व्हाळ, म्हणजे ओढा, येतो, खाजनाच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या सखल खारजमिनीच्या, बाजूने जाताना त्याची खाडी होते आणि पुळणीला तिरका छेद देऊन ती दर्याला मिळते. नावाला खाडी. ओहोटीला मध्यम उंचीचा माणूस कंबरभर पाण्यातून पार होतो.

या खाडीचं तोंड बारमाही नाही, इथूनच सगळा गोंधळ सुरू होतो. दिवाळीनंतर लाटा मऊ पडतात आणि पावसाळ्यात नेलेली वाळू हळूहळू परत आणून टाकतात. शिमग्यापर्यंत तोंडाशी वाळूचा दांडा तयार होतो आणि खाडी मिटते. मागे अडलेलं पाणी चैत्रात हिरवं होतं, वैशाखात वास मारतं. मग मिरगाचा पाऊस लागतो. वरून व्हाळ फुगून येतो, खाली वाट बंद, आणि खाडी दिवसाला वीतभर चढत जाते. आता एक तर ती आपल्या जोराने दांडा फोडील, नाहीतर माणसांनी फोडायचा. तिच्या मर्जीवर सोडलं तर आधी शेतं बुडतात.

शेतं का बुडतात हे मला लहानपणी आजोबांनी मानशीवर बसवून दाखवलं होतं. खाजनाच्या बांधात जिथे पाण्याला वाट ठेवलेली असते ती मानस. तिच्यात लाकडी दारं असतात आणि ती कुणी उघडत-मिटत नाही. भरतीचं पाणी खाडीतून वर आलं की त्याच्याच दाबाने दार घट्ट बसतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागून खाडी खाली गेली की आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने तेच दार बाहेरच्या बाजूला उघडतं. "याला पगार नाही, पण सुट्टीपण नाही," आजोबा म्हणायचे. पण खाडी खालीच गेली नाही तर दार उघडणार कुठून? तोंड मिटलेलं असलं की भरती नाही आणि ओहोटीही नाही. खाडी नुसती चढत राहते, दार बसलेलं ते बसलेलं, आणि शेतातलं पावसाचं पाणी शेतातच कुजतं.

आमच्या खाजनात कोरगुट पिकायचं, खाऱ्या मातीत तग धरणारं जाडं तांबडं भात. तग धरतं म्हणजे अगदी मिठात उगवत नाही. उन्हाळाभर वर आलेला खार पहिल्या पावसांनी धुऊन खाली जावा लागतो, त्यानंतर मोड आलेलं बी फोकायचं. तो धुतलेला खार मानशीतून बाहेर, खाडीतून दर्यात. म्हणजे आमच्या भाताची पहिली गरज शेतापासून कोसभर लांब, पुळणीवर होती.

वाड्यावरच्या, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतल्या, लोकांना तोंड उघडायची घाई आणखी वेगळ्या कारणाने. त्यांच्या उलांडीच्या, म्हणजे बाजूला तोल सावरणारं लाकूड असलेल्या, होड्या पावसाळ्यात उघड्या पुळणीवर ठेवून चालत नाहीत. खाडीत आणून माडांना बांधायच्या, वर चुडतं घालायची. आणि मासळी. सुंगटं, म्हणजे कोळंबी, अंडी घालतात दर्यात, पण त्यांची केसासारखी पिल्लं वाढायला खाडीत येतात आणि जाडजूड होऊन परत जातात. शेवटे नावाच्या माशांचंही तसंच. चोणक माशाचाही प्रवास असाच, तो पोसतो गोड्या पाण्यात आणि अंडी घालायला खाली तोंडाशी येतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दोन महिन्यांत गावात जी ताजी मासळी दिसते ती खाडीतली, पागेर, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून काढलेली. आमच्या घरी आषाढातल्या आमटीत सुंगट असायचं ते या वाटेने आलेलं.

तर, दोघांनाही तोंड उघडून हवं. मग भांडण कसलं? भांडण तारखेचं. वाड्याला ते पहिल्या मोठ्या पावसाबरोबर हवं. शेतकऱ्यांचं म्हणणं, आधी बांधाची डागडुजी होऊ द्या, कारण तोंड फुटलं की ओहोटीबरोबर भरतीही आली, आणि बांधाला खेकड्याचं एक बीळ राहिलं असलं तर खारं पाणी थेट तरव्यात. दर वर्षी मेच्या शेवटी देवळासमोर बैठक बसायची. आजोबा जाताना छत्री घेऊन जायचे आणि येताना घसा बसवून यायचे. "यांना आजच पाहिजे! आमच्या बांधावर अजून चिखल चढला नाही!" दुसऱ्या दिवशी त्याच माणसांच्या घरून बांगडे यायचे. आजी ते न बोलता धुवायला घ्यायची.

दिवस ठरला की वेळ ठरवायची, आणि ते मात्र भांडणाचं काम नव्हतं, हिशेबाचं होतं. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तो भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, सव्वाअकरा. तिथीची पाऊणपट. मला शाळेत व्यवहारी अपूर्णांक शिकवायच्या आधी हा पाढा येत होता, आणि अजूनही म्हापशाच्या बाजारात उभं असताना कुणी आज अष्टमी म्हटलं की डोक्यात 'सहाला भरती' उमटून जातं. निरुपयोगी ज्ञान. म्हापशात कसली भरती!

तोंड फोडायला अष्टमी चालत नाही. त्या दिवसांत भांगाचं पाणी, चढउतार कमी. लागतं उधाण, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची रात्र, जेव्हा ओहोटीला दर्या सगळ्यात खाली उतरतो. खाडी वर तुंबलेली, दर्या तळाला, मध्ये वाळू. भरती फिरली की खणायला लागायचं आणि ओहोटी पुरती व्हायच्या आत पाणी सोडायचं. उशीर झाला, पुढची भरती गाठली, तर लाटा खणलेला चर एका तासात भरून टाकतात आणि पंधरवडा फुकट.

हे मला सगळं तोंडपाठ, आणि मी ते कधी पाहिलेलं नव्हतं. बायकांनी रात्री पुळणीवर जायचं नाही. सकाळी उठून बघायचं तर खाडी निम्मी झालेली असायची, तिवरांच्या मुळांना चिखलाची रेघ, आणि आजोबा चुलीपाशी धोतर वाळवत बसलेले.

मग आमच्यातले बरेच जण शेतीतून उठले. खाजन आता निम्मं पडीक आहे. मानशी लिलावाने मासळीवाल्यांकडे जाते, आणि मासळीसाठी म्हणून कुणी दार उचकटून ठेवलं की खारं पाणी आत येतं, उरलेल्यांची शेतीही बसते. हे एकट्या आमच्या गावाचं रडगाणं नाही. गोव्यात जिथे खाजन तिथे हे ऐकू येतं. चुलतभावाने वडिलार्जित घराला मागून सहा खोल्या काढल्या. चांगल्या चालतात. नोव्हेंबर ते मार्च तो माणसात नसतो. मी त्याला दोष देत नाही, माझ्या वाट्याचे पैसे तो दर वर्षी बिनचूक पाठवतो. त्याची अडचण खरी आहे. त्याच्या पाहुण्यांना पलीकडच्या पुळणीवर जायचं असतं, जिथे शॅक आहेत, गाणी आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्ये खाडी वाहती. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा भरतीच्या वेळी पार व्हायला गेला आणि ओढला गेला. बाविशीचा. त्याला बाहेर काढणाऱ्यांत माझा चुलतभाऊ होता. त्या दिवसापासून 'तोंड बंद करा' हे त्याने डोक्यात घेतलं. आधी धंदा होता हे खरं, पण नंतर नुसता धंदा राहिला नाही, हे मी त्याच्याशी भांडतानाही विसरत नाही.

योजना अशी, की तोंडाशी दगडांच्या जाळ्या भरायच्या, वर वाळू टाकून पुळण सलग करायची, आणि पावसाच्या पाण्यासाठी खालून पाइप टाकायचे. ग्रामसभेत ती एका तरुणाने पडद्यावर दाखवली. चित्रात निळा दर्या, सलग पुळण, तिच्यावर चालणारी छत्रीवाली जोडपी. वाड्यावरची माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी होती. बायका दाराशी, पाट्या बाजूला ठेवून.

खरं सांगायचं तर त्या दिवशी वाद फारसा उंचीचा झाला नाही. एकाने थेट शिवाजी महाराजांना आणलं. एकाने वाड्यावरच्यांना "तुम्ही आधी पुळणीवर जाळी टाकणं बंद करा" असं सुनावलं. कुणी म्हणालं कासवं येतात. कासवं मोरजीला आणि मांद्र्याला येतात, आमच्याकडे वाट चुकलेलं एखादं. मला नेहमी वाटतं, गावाला आपली खरी कारणं सांगायची लाज वाटते. 'माझी होडी कुठे ठेवू?' हा प्रश्न सभेत छोटा वाटतो, म्हणून माणसं पर्यावरण घेऊन येतात.

मग कुणीतरी नकाशा काढला. नकाशात तोंड नव्हतंच. पुळण सलग, मागे एक निळा डाग, तळं असल्यासारखा. "जे नकाशात नाही ते बंद करायचं म्हणजे काय? ते बंदच आहे," चित्रवाला तरुण म्हणाला. हसू आलं बऱ्याच जणांना. माझ्या मनात आलं, हा नकाशा ज्या फोटोवरून काढला तो मार्च-एप्रिलातला असणार. ढग नसतात, स्वच्छ दिसतं. तेव्हा खाडी मिटलेली असते. २०२१ साली किनारी आराखड्याच्या जनसुनावणीला गोवाभरचे लोक जाऊन हेच ओरडत होते, की आमच्या मानशी, आमचे बांध, आमचे वाडे कागदावर दिसत नाहीत. पेपरात वाचताना मला ते आंदोलनवाल्यांचं नेहमीचं वाटलं होतं.

आणि मग ना-हरकत देणाऱ्यांची यादी वाचली गेली. पाचवं नाव माझं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावांसकट. दाराशी बसलेल्या बायकांपैकी एकीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिची आई आमच्या घरी मासळी आणायची. ती रागावली नव्हती. पाहिलं आणि पाटी पुढे ओढून बसली, एवढंच.

गोव्यातल्या मोठ्या नद्यांची तोंडं आणि आमचं हे तोंड यांचा हिशेब उलटा आहे. मांडवीच्या मुखाशी आग्वादचा दांडा आहे. पावसाळ्यात त्याच्यावर लाटा फुटायला लागल्या की ती वाट बंद. खाणी जोरात होत्या तेव्हा पावसाळ्यात खनिजाचे बार्ज मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरायचे, झुआरीत उतरायचे आणि तिथून मुरगावला जायचे. म्हणजे पाऊस आला की मोठं तोंड मिटायचं आणि आमचं उघडायचं. बेतुलला साळ नदीच्या मुखात वाळू साचते म्हणून कुटबणचे बोटवाले वर्षानुवर्षं गाळ उपसा म्हणून मागणी करतात. दक्षिणेत तोंड उघडायला पैसे मागतायत आणि आम्ही बुजवायला. २०१६च्या कायद्याने आमची शापोरा धरून गोव्यातले सहा जलमार्ग राष्ट्रीय झाले तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! आमचा व्हाळ कुठल्याच यादीत नाही. त्याला राष्ट्रीय सोडाच, ग्रामपंचायतीय दर्जाही नाही.

रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे लांब जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, चळवळ माझ्या लहानपणची. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळची मासळी खरवडून नेऊ लागले, आणि रापण ओढणारे रस्त्यावर आले. त्यातून १९८०चा मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखला गेला. वाड्यावर तेव्हा पेढे वाटले होते, आमच्याकडेही आले. पाच किलोमीटर दर्या मिळाला. त्या दर्यात जायची वाट ज्या पाचपन्नास हातांच्या वाळूतून जाते तिचं काय, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नसावं. तिच्याबद्दल देवळासमोर बोलणं होत होतं ना.

सभेनंतर मी पंचायतीत अर्ज दिला, माझी सही मागे घेते म्हणून. चुलतभाऊ चार महिने बोलला नाही. पैसे मात्र आले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचाच फोन. "ताई, येतेस? आज फोडणार म्हणतात." मी विचारलं, "तुला काय त्याचं?" तो जरा थांबला. "मागच्या खोल्यांत पाणी येतंय. संडासाच्या टाकीपर्यंत चढलंय."

चतुर्दशी होती. चौदा त्रिक बेचाळीस, साडेदहा. मी छत्री घेतली आणि निघाले. म्हापसा ते गाव तासाभराचा रस्ता, त्यात पाऊस. पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. पुळणीवर विसेक माणसं, तीन पेट्रोमॅक्स, चारदोन मोबाइलचे उजेड. पावसाची भुरभुर. मर्यादवेलीवर चपला काढून ठेवलेल्या. वाड्यावरचा सगळ्यात म्हातारा माणूस उलट्या पाटीवर बसला होता, खांद्यावर गोणपाट. माझ्या आजोबांशी भांडणाऱ्यांत तो सगळ्यात तरुण असायचा.

"कोण गो? अमक्याची नात?" त्याने ओळखलं. मी छप्पन वर्षांची आहे. "खणूंक लागले ना अजून?" मी विचारलं.

"राव गो बाय. भरती अजून फिरूंक ना."

चुलतभावाने मोबाइल पुढे केला. त्यात भरतीची वेळ अकराला आठ मिनिटं कमी. म्हाताऱ्याने पाहिलं नाही. एक पोरगा पाण्याच्या कडेला काठी रोवून बसला होता. लाट यायची, काठीला शिवायची, जायची. मग एक आली ती काठीच्या वीतभर अलीकडे थांबली. पुढची तिच्याही अलीकडे. म्हातारा उठला, नारळ दर्यात सोडला, आणि खोरी पडायला लागली. मी घड्याळात पाहिलं. अकराला दहा कमी. कोण बरोबर निघालं, कुणास ठाऊक.

खणतात ते दर्याच्या बाजूने खाडीकडे. चर जेमतेम दोन हात रुंद, गुडघाभर खोल. खाडीच्या कडेला हातभर वाळूचा बांध तसाच ठेवतात, शेवटपर्यंत. मग वाट बघायची, दर्या आणखी उतरू द्यायचा. बिड्या निघाल्या. कुणीतरी मला चहा दिला, स्टीलच्या फुलपात्रात. दीडच्या सुमारास म्हाताऱ्याने मान हलवली आणि एकाने तो उरलेला बांध पायानेच ढकलला.

काहीच झालं नाही. पाण्याची एक पन्हळ, नळ अर्धवट सोडल्यासारखी, चरातून कुरकुरत खाली गेली. मला वाटलं, एवढंच? मग कडेची वाळू विरघळायला लागली. बशीएवढी ढेकळं, मग पाटाएवढी, धप् धप् पाण्यात. चर तीन हात झाला, सहा झाला. माणसं मागे सरकली, पेट्रोमॅक्स उचलून आणखी मागे नेले. अर्ध्या तासाने मी जिथे चहा पीत उभी होते तिथे पाणी होतं आणि त्याचा आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. उजेडात काहीतरी चमकलं, उलट्या दिशेने, वर. शेवटे. एवढ्या ओढीत तोंड वर काढून ते आत उड्या घेत होते. पोरांनी पागेर आणलेच होते.

चुलतभाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून लोकांना मागे सरा, मागे सरा म्हणत होता. दोराचं एक टोक त्याने स्वतःच्या कमरेला बांधलं होतं, दुसरं माडाला. कुणी सांगितलं नव्हतं.

पहाटे आम्ही घरी आलो तर मागच्या खोल्यांतलं पाणी उतरलेलं, भिंतीवर ओली रेघ. तो झाडू घेऊन गाळ काढायला लागला, मी बादली धरली. साडेसातला त्याचा फोन वाजला. पुढच्या खोलीतला पाहुणा होता, पुळणीवरून बोलत होता. पलीकडे कसं जायचं, कालपर्यंत इथून वाट होती, असं काहीतरी हिंदीतून विचारत होता.

"थांबा," चुलतभाऊ म्हणाला. फोन कानाशी तसाच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, आज अमावास्या ना? ओहोटी किती वाजता?"